जुना, वापरलेला स्पोरन ऑनलाइन घ्यायचा आहे. काय काय बघावं?

वसंत_ॲबर्डीन

नमस्कार मंडळी,

आम्ही बरीच वर्षं ॲबर्डीनला आहोत. धाकट्या लेकीचं लग्न ऑगस्टमध्ये इन्व्हरनेसजवळ ठरलंय. व्याही हायलँडचे, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले. मुलीच्या वडिलांनीही किल्ट घातला तर आम्हाला फार आनंद होईल, असं त्यांनी आपुलकीने सांगितलं, आणि मलाही तो मनापासून घालायचाय. किल्ट, जाकीट, मोजे सगळं भाड्याने मिळतं. स्पोरन मात्र स्वतःचा हवा, तो पुढे घरात राहील. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: किल्ट या स्कॉटिश पुरुषांच्या घागऱ्यासारख्या पोशाखाला खिसे नसतात, म्हणून पुढे कमरेला पिशवी अडकवतात. तो स्पोरन.)

स्कॉटलंडमध्ये हाताने शिवलेला नवा चांगला स्पोरन १५० पौंडांच्या पुढेच सुरू होतो. म्हणून रोज रात्री ईबे, एट्सी, विंटेड आणि लिलावाच्या साइट चाळतोय. २५ पौंडांपासून ९०० पर्यंत काहीही दिसतं. जो तो 'व्हिंटेज' म्हणतो, एकाने तर 'जॅकोबाइट काळातला' (स्टुअर्ट राजघराण्यासाठी झालेल्या अठराव्या शतकातल्या बंडांच्या वेळचा) असं लिहिलंय. फोटोवरून नेमकं काय ओळखायचं? चामडं आधी बघायचं की धातू? केसाळ घ्यावा का?

माझं मत असं की जुन्या वस्तूची घडण नव्या स्वस्त मालात येत नाही, तेव्हा जुनाच घ्यावा. कुणाचं वेगळं मत असेल तर तेही ऐकायचंय.

तांबडाफुटाणा

लग्नात मुलीच्या बापाचा खिसा रिकामा होतो म्हणतात. किल्टला खिसाच नाही, काका वाचले!

पाईपर_संज्या

@तांबडाफुटाणा, तीच सोय तर स्पोरनने केलीये. रिकामा व्हायला तो आहेच :)

काका, मनापासून अभिनंदन! मी ग्लासगोच्या एका पाईप बँडमध्ये वाजवतो, त्यामुळे वर्षभर स्पोरन कमरेला असतो. तुमच्या प्रश्नाआधीचा एक प्रश्न मी विचारतो: लग्न दुपारचं की संध्याकाळचं?

दिवसा घालायचा तो साधा चामड्याचा, तपकिरी किंवा काळा, पुढे झाकण आणि तीन चामडी गोंडे. संध्याकाळच्या काळ्या कोटावर ड्रेस स्पोरन: पुढच्या बाजूला फर, वर चकचकीत धातूची कमान (तिला कॅन्टल म्हणतात), गोंडे साखळीला लटकलेले. या दोन्हींच्या मधला सेमी-ड्रेस: पुढे फर पण झाकण चामड्याचं. एकच घ्यायचा असेल तर सेमी-ड्रेस बहुतेक ठिकाणी चालून जातो.

तुम्हाला जुन्या मालात लांब पांढऱ्या केसांचे खूप दिसतील, गुडघ्यापर्यंत येणारे. व्हिक्टोरियाच्या काळात आणि त्यानंतरही काही वर्षं सभ्य गृहस्थ ते संध्याकाळी घालत, म्हणून इतके शिल्लक आहेत. आज ते लष्करात आणि आमच्यासारख्या बँडवाल्यांच्या अंगावर शोभतात. वधूपित्याने घातला तर लोक त्याला वाजवायला सांगतील!

आणि पट्टा. जुन्या स्पोरनचे पट्टे हमखास आखूड असतात. तो पट्टा पँटच्या पट्ट्याच्या जागी बसत नाही, किल्टवरून कुल्ह्यांच्या वर बसतो. भाड्याचा किल्ट अंगावर चढवा, त्यावरून टेपने माप घ्या आणि मगच विक्रेत्याला विचारा. पट्टा वेगळा मिळतो, त्यामुळे आखूड पट्ट्यापायी चांगला स्पोरन सोडू नका. किमतीत मात्र तेवढे पैसे धरा.

वसंत_ॲबर्डीन

धन्यवाद संजय. विधी दुपारी दोनला, पण जेवण आणि नाच रात्रीपर्यंत. म्हणजे सेमी-ड्रेसच बघायला हवा. हे आधी कळलं ते बरं झालं, मी एका पांढऱ्या केसाळावर बोली लावायच्या बेतात होतो.

जुनाबाजार

धातूचं मी सांगतो, तो माझा विषय. पुण्यात बसून जुनी चांदी-पितळ बघण्यात माझे रविवार जातात.

पहिली गोष्ट, कॅन्टलच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. पुढून सगळे सारखेच दिसतात. जुन्या चांगल्या कॅन्टलला खरी बिजागरी असते, तो वरून उघडतो आणि पिशवीचं तोंडच त्याला जोडलेलं असतं. आजच्या बहुतेक ड्रेस स्पोरनमध्ये कॅन्टल ही नुसती शोभा: पुढे रिव्हेटने ठोकलेला, आणि पिशवी उघडते मागून, चामड्याच्या झाकणाखाली. म्हणजे तो वाईट असं नाही, पण 'अँटिक' म्हणून जास्त पैसे मागत असतील तर बिजागरी बघायलाच हवी.

दुसरं, चांदी. 'सिल्व्हर' आणि 'सिल्व्हर टोन' यांत जमीन-अस्मानाचा फरक. चांदी असेल तर शुद्धतेचा छाप असायला हवा. एडिंबराच्या छापात तीन मनोऱ्यांचा किल्ला असतो. त्याच्या जोडीला १७५९ ते १९७५ पर्यंत काटेरी थिसलच्या फुलाचा छाप, १९७५ नंतर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह. ग्लासगोच्या छापात झाड, पक्षी, घंटा आणि मासा. तिथलं छाप मारणारं कार्यालय १९६४ मध्ये बंद झालं, तेव्हा त्या छापाची वस्तू त्याआधीचीच. चारही पायांवर चालणारा सिंह दिसला तर तो इंग्लंडचा. सोबत एक इंग्रजी अक्षर असतं, त्यावरून नेमकं वर्ष निघतं.

'ई.पी.एन.एस.' लिहिलेलं असेल तर ती निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेली चांदी. दिसायला छान, टिकायला छान, पण भाव चांदीचा देऊ नये. कडा आणि उंचवट्यांवर पिवळसर झाक आली असेल तर मुलामा घासून गेलाय. निळसर आरशासारखी चमक असेल तर बहुधा क्रोम, म्हणजे विसाव्या शतकातला.

वसंत_ॲबर्डीन

एका स्पोरनवर थिसल फुलं मोठी कोरलेली आहेत आणि विक्रेता म्हणतो ती चांदीचीच खूण. खरं का?

जुनाबाजार

नाही. थिसल हे स्कॉटलंडचं फूल, ते नक्षीत सगळीकडे असतं, क्रोमवरही. छाप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा ठोकलेला ठसा, शेजारी किल्ला आणि अक्षर. त्या ठशाचा जवळून, स्वच्छ फोटो मागा. चांदी विकणाऱ्याला तो पाठवायला अडचण नसते.

मीरा_संवर्धन

मी चामडं आणि कापड यांच्या संवर्धनाचं काम करते. माझ्या मते धातू दुसरा, चामडं पहिलं. धातू पुन्हा चकचकीत करता येतो. मेलेलं चामडं जिवंत होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आणि विसाव्याच्या सुरुवातीचं, झाडांच्या सालीने कमावलेलं बरंच चामडं आज एका रोगाने जातं. त्याला रेड रॉट म्हणतात. त्या काळी कोळशाच्या धुरात, दिव्यांच्या गॅसमध्ये गंधकाचे वायू भरपूर असत. चामड्याने ते शोषले, आत आम्ल तयार झालं आणि तंतू तुटत गेले. वरचा थर भुकटी होऊन लाल-तपकिरी रंगाने हाताला लागतो. किल्टलाही लागतो, आणि तुमचा किल्ट तर भाड्याचा आहे.

फोटोत तो ओळखायचा असा: घडीवर आणि कडेला मखमलीसारखा मळकट लालसर पृष्ठभाग, पट्ट्याच्या भोकांभोवती भेगा, टाक्यांच्या रेषेवर चामडं फाटलेलं. विक्रेत्याला सरळ विचारा, 'पांढरा कापूस फिरवला तर लाल डाग येतो का?' येत असेल तर घालण्यासाठी घेऊ नका. कपाटात ठेवायला घेणार असाल तर प्रश्न वेगळा. त्यावर लावायला अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं क्लुसेल-जी मिळतं, त्याने भुकटी बसते, पण ताकद परत येत नाही. आणि कृपा करून त्याला पाणी किंवा सॅडल सोप (चामडं धुवायचा साबण) लावू नका. ते चामडं पाण्याने काळं पडतं आणि लाकडासारखं कडक होतं.

चामड्यात जिथे पितळेच्या कड्या आहेत तिथे हिरवा मेणचट थर दिसला तर घाबरायचं कारण नाही. चामड्यातलं तेल आणि तांबं यांचा तो परिणाम. लाकडी काडीने हलकेच निघतो.

कोल्हापुरी_पायताण

मीराताईंचं वाचून राहवलं नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चपलांचं काम. आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तिकडे ओकची साल. जात एकच, त्यामुळे सांगतो.

चामडं चांगलं की नाही हे फोटोपेक्षा व्हिडिओत कळतं. विक्रेत्याला म्हणा, झाकण उघड-मीट करून दाखव. चांगलं चामडं वाकताना गोल वळतं. गेलेलं असेल तर घडीवर पांढरट रेघ उमटते नाहीतर चीर पडते. आणि टाके बघा. हाताचे दोन सुयांचे टाके एखाद्या ठिकाणी तुटले तरी उसवत जात नाहीत. मशीनचा एक तुटला की ओळच्या ओळ सुटते. टाके तुटलेला पण चामडं धड असलेला स्पोरन बिनधास्त घ्या, मोची अर्ध्या दिवसात पुन्हा शिवेल. त्याच भोकांतून शिव म्हणा, नवी भोकं पाडू देऊ नका. जुन्या चामड्यात नवी भोकं पाडली की तिथेच फाटतं.

वसंत_ॲबर्डीन

वा! कोल्हापूरची माहिती हायलँडच्या पिशवीला लागू पडतेय, यापेक्षा आनंद कसला. व्हिडिओ मागायचं मला सुचलंच नव्हतं.

नागपुरी_संत्रं

सगळे चामडं, टाके, चांदी बोलून राहिले, पण मूळ मुद्दा कुणी काढला नाही. मी स्पष्ट बोलते. ईबेवर शोध घेतला तर बॅजरचं अख्खं डोकं लावलेले स्पोरन दिसले. डोळ्यांच्या जागी काच. सीलचं कातडं, पाणमांजराचं कातडं. काका, तुमच्या मुलीच्या लग्नात मेलेलं जनावर पोटावर बांधून कशाला फिरायचं? साधं चामड्याचं घ्या किंवा कृत्रिम फरचं नवं घ्या. जुनं असलं तरी मागणी वाढली की नव्याची शिकार होते, हे सगळीकडे दिसतं.

पाईपर_संज्या

ताई, भावना पोचली. पण १९२० साली मेलेल्या बॅजरसाठी आज कुणी बंदूक उचलत नाही. ती वस्तू फेकून दिली तर ते जनावर दुसऱ्यांदा वाया जातं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ज्यांनी बनवला त्यांचं कामही त्यात आहे.

नागपुरी_संत्रं

@पाईपर_संज्या, जुन्याच्या आड नवं खपवतात, माझा आक्षेप तिथे आहे. विक्रेता म्हणतो १९२०, तुम्ही कसं तपासणार?

जुनाबाजार

या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने. कागद नसेल तर तारीख ही नुसती गोष्ट असते.

सुमेधा_बॉस्टन

कायद्याचं थोडं लिहिते, कारण आमच्या इथल्या हायलँड मंडळात हा प्रश्न सतत येतो.

सील: अमेरिकेत १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने सीलच्या वस्तू आणायला बंदी आहे. स्कॉटलंडच्या विक्रेत्याने 'जगभर पाठवतो' असं लिहिलं म्हणून ती उठत नाही. माल सीमेवर जप्त होऊ शकतो. युरोपीय संघाने २००९ मध्ये सीलच्या वस्तूंच्या व्यापारावर बंदीचा नियम केला, तो २०१० पासून लागू झाला, आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांच्या पारंपरिक शिकारीचा अपवाद ठेवून. वसंतकाका ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये घेणार आहेत, तरी सीलचा असेल तर तो २०१० पूर्वीचा आहे याचा लेखी पुरावा घ्यावा. जुनी पावती, जुना फोटो, काहीही.

बॅजर: ब्रिटनमध्ये १९९२ चा बॅजर संरक्षण कायदा आहे. तो बेकायदा मारलेला नाही हे दाखवायची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येऊ शकते.

पाणमांजर: वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या यादीत, म्हणजे सर्वांत कडक. स्कॉटलंडमध्ये २००७ साली नियम बदलले तेव्हा असे स्पोरन घालणाऱ्यांना परवाना लागणार, अशी वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली होती. १९९४ नंतर मारलेल्या संरक्षित प्राण्याच्या कातड्याचा तो प्रश्न होता.

नागपुरीताईंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. तारीख तपासता येत नसेल तर घेऊ नये.

मीरा_संवर्धन

+१. आणि प्राण्याच्या डोक्याच्या स्पोरनबाबत आणखी एक, जे विक्रेते लिहीत नाहीत. जुन्या काळी पेंढा भरताना किड्यांपासून वाचवायला आर्सेनिकचा साबण लावत. ते आजही केसांच्या मुळाशी असू शकतं. हातमोजे न घालता हाताळू नये, मुलांच्या हातात तर मुळीच देऊ नये. लग्नात कडेवर लहान मूल येणार असेल तर असला स्पोरन नकोच.

फर ओळखायची ढोबळ रीत: सीलचे केस आखूड, ताठ, चकचकीत, एकाच दिशेला चिकटून झोपलेले, बऱ्याचदा करड्या ठिपक्यांचे. सशाची फर मऊ, दाट, फुंकर मारली की फुलासारखी उघडते, आणि गळते. गाई-वासराची आखूड केसांची. वासराची फर टिकाऊ असते आणि कायद्याची कटकट सगळ्यांत कमी.

केस गळतात का, हेही व्हिडिओतच बघा. चिमटीत धरून हलकेच ओढायला सांगा. पुंजका हातात आला तर कातडी सडली आहे, त्यावर इलाज नाही.

तांबडाफुटाणा

वाचनखूण साठवली. मला स्पोरन घ्यायचा नाही, तरी रोज रात्री हा धागा उघडतोय.

निवृत्त_सुभेदार

एक अवांतर, पण इथल्या मंडळींना आवडेल. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीची आणि शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. इंग्रजांकडून ७४ वी आणि ७८ वी या दोन हायलँड पलटणी तिथे लढल्या. ७४ वी पुढे हायलँड लाइट इन्फंट्रीत गेली, आणि त्या पलटणीच्या टोपीच्या बॅजवर हत्ती आणि 'असई' ही अक्षरं आहेत. जुन्या स्कॉटिश मालाच्या लिलावात हा हत्ती दिसला तर तो आपल्या मातीतून गेलेला आहे. शिंद्यांच्या तोफखान्याने त्या दिवशी ७४ व्या पलटणीची फार मोठी हानी केली होती, तेही त्या हत्तीकडे बघताना लक्षात असू द्यावं.

ग्राहक म्हणून उपयोगाचं: हायलँड लाइट इन्फंट्री नावाने हायलँडची असली तरी तिच्या नियमित सैन्यातल्या बटालियन १९४७ पर्यंत किल्ट घालत नव्हत्या, विजारी घालत. १९५९ मध्ये ती दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली. तिची 'ग्लासगो हायलँडर्स' ही ९ वी बटालियन मात्र आधीपासून किल्टवाली. म्हणून कुणी 'पहिल्या महायुद्धातला, या पलटणीच्या जवानाचा स्पोरन' विकत असेल तर कुठल्या बटालियनचा ते विचारावं.

लष्करी लांब केसांच्या स्पोरनमध्ये गोंडे मोजावेत. ब्लॅक वॉच पलटणीच्या जवानांचा पांढरा, पाच काळे गोंडे. गॉर्डन हायलँडर्सचा पांढरा, दोन लांब काळे गोंडे. आर्गाइल अँड सदरलँडच्या अधिकाऱ्यांचा आणि सार्जंटांचा बॅजरच्या डोक्याचा. बॅज एकाचा आणि गोंडे दुसऱ्याचे असले तर वस्तू जोडून केलेली आहे.

वसंत_ॲबर्डीन

सुभेदारसाहेब, हे वाचून अंगावर काटा आला. इतकी वर्षं इथे राहून तो हत्ती असईचा आहे हे माहीत नव्हतं. व्याह्यांना सांगणार आहे, त्यांचे पणजोबा ग्लासगो हायलँडर्समध्येच होते.

जुनाबाजार

त्या 'जॅकोबाइट काळातल्या' स्पोरनबद्दल राहिलंच. जॅकोबाइटांचं बंड जिथे संपलं ती कलोडनची लढाई १७४६ ची. त्याच वर्षीच्या कायद्याने सैन्याबाहेरच्या हायलँड पुरुषांना किल्ट वगैरे पोशाख घालायला बंदी झाली, ती १७८२ मध्ये उठली. त्याआधीचे अस्सल स्पोरन फार थोडे उरलेत. ते साधे असत: हरणाच्या किंवा वासराच्या कातड्याची पिशवी, आपल्या चंचीसारखी दोरीने आवळायची, किंवा वर अर्धगोल पितळी कमान. एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशीच एक कमान आहे, तिच्यात छोटी पिस्तुलं लपवलेली आहेत. चोराने कमान उघडली की ती सुटावीत अशी रचना!

आज दिसतो तो झगमगाट नंतरचा. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, त्याच्या स्वागताला सर वॉल्टर स्कॉटने सगळ्यांना हायलँड पोशाखात उभं केलं आणि तिथून ही फॅशन पसरली. लांब केस, चांदीची भरगच्च नक्षी, रंगीत खडे दिसले तर तो व्हिक्टोरियन किंवा त्यानंतरचा. तो सुंदरच असतो. पण जॅकोबाइट नव्हे.

किरणलंडन

माझं वेगळं मत, वसंतकाकांनी मागितलंय म्हणून. जुन्याचा एवढा अट्टाहास कशाला? सियालकोटमध्ये चामड्याचं, बॅगपाईपचं, किल्टचं काम कित्येक वर्षं चालतं. जगभरच्या पाईप बँडना तिथून माल जातो. ३० पौंडांत नवा स्पोरन येतो, रेड रॉट नाही, आर्सेनिक नाही, कायदा नाही. कारागीर आपल्याच उपखंडातला. लग्नातल्या एका दिवसासाठी पुष्कळ झालं.

पाईपर_संज्या

सियालकोटच्या कारागिरांबद्दल आदर आहेच, आमच्या बँडची निम्मी सामग्री तिथली आहे. माझी तक्रार मधल्या विक्रेत्यांबद्दल. तोच नवा माल थोडा घासून 'व्हिंटेज स्कॉटिश' म्हणून ९० पौंडांना विकतात. ३० चा म्हणून ३० ला विकला तर काहीच हरकत नाही.

ओळखायला: आत बनवणाऱ्याचा शिक्का शोधा. एडिंबराचे डब्ल्यू. ई. स्कॉट अँड सन किंवा बँकफुटचे निकोल ब्रदर्स अशी नावं दिसली तर तो खात्रीचा स्कॉटिश माल. शिक्का नसला म्हणजे खोटा असं नाही, जुन्या कित्येकांवर नसतो. पण कडक गुळगुळीत चामड्यावर मशीनने दाबलेली केल्टिक नक्षी, आत पातळ रेक्झिनचं अस्तर आणि कोरं करकरीत प्रेस बटण हे तिन्ही असतील तर तो व्हिंटेज नाही.

आणि शब्दांवर जाऊ नका. एट्सीच्या नियमात वीस वर्षं जुनी वस्तू 'व्हिंटेज' होते. म्हणजे २००५ सालचा स्पोरनही तिथे व्हिंटेज.

किरणलंडन

ठीक, फसवून विकण्याबद्दल सहमत. पण एक दिवसाचा वापर हा माझा मुद्दा कायम.

वसंत_ॲबर्डीन

किरण, तुझा मुद्दा रास्त आहे. माझ्या बाबतीत मात्र तो एका दिवसापुरता नाही. जावयाच्या घरी दरवर्षी नववर्षाला सगळे किल्ट घालून जमतात, आणि आता मीही त्यांच्यातला. मला तो वर्षानुवर्षं घालायचाय.

सुमेधा_बॉस्टन

मग खरेदीचं बघू. ब्रिटनमध्ये दुकानदाराकडून ऑनलाइन घेतलं तर १४ दिवसांत परत करायचा हक्क आहे. खाजगी माणूस घरातली वस्तू विकत असेल तर तो हक्क नाही. म्हणून ईबेवर विक्रेत्याच्या नावाखाली 'बिझनेस' आहे का ते बघा. लिलावात तर हातोड्याच्या (म्हणजे शेवटच्या बोलीच्या) किमतीवर लिलावगृहाचं कमिशन, ते बऱ्याच ठिकाणी २५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर, आणि त्यावर कर. १०० ची बोली १३० ला पडते. टपाल वेगळं. बोली लावण्याआधी लिलावगृहाकडे वस्तूच्या स्थितीचा 'कंडिशन रिपोर्ट' मागा, ते फुकट देतात.

धनश्री_ठाणे

मी गप्प वाचत होते. माझा भाऊ डंडीला शिकतोय, त्याच्याकडून बाबांसाठी एक मागवावा म्हणते. भारतात आणता येतो का?

सुमेधा_बॉस्टन

साधा गाईच्या किंवा वासराच्या चामड्याचा असेल तर सामानातून आणायला सोपा. वन्य प्राण्याची फर मात्र टाळाच. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने साइट्समधले प्राणीही त्यात आले. विमानतळावर 'जुना आहे हो' म्हणून भागणार नाही.

पाईपर_संज्या

वसंतकाका एडिंबराला जाणार असाल तर ग्रासमार्केटच्या आर्मस्ट्राँग्जमध्ये एकदा डोकवा. जुन्या कपड्यांचं ते प्रसिद्ध दुकान. घ्यायचा नसला तरी दहा स्पोरन हातात घेऊन बघितले की ऑनलाइन फोटो वेगळे दिसायला लागतात. वजन, बिजागरीचा आवाज, चामड्याचा वास, हे सगळं हाताला कळतं.

वसंत_ॲबर्डीन

मंडळी, धागा पुन्हा वर काढतोय. घेतला! पर्थशायरच्या एका दुकानदाराकडून, ऑनलाइन. सेमी-ड्रेस, गडद तपकिरी चामडं, पुढे वासराची फर, तीन चामडी गोंडे, आत निकोल ब्रदर्सचा शिक्का. ८५ पौंड. मी सगळे प्रश्न लिहून पाठवले: कापूस, घडी, फर ओढून बघणं, मागची बाजू. त्यांनी न कंटाळता व्हिडिओ करून पाठवला. एका गोंड्याचा टाका सुटलाय आणि पट्टा आखूड, हे दोन्ही त्यांनी स्वतःहून सांगितलं. उद्या येतोय. घरी आला की आधी काय करू?

नागपुरी_संत्रं

वासराची फर म्हणजे खाटकाकडची उरलेली कातडी, त्यावर माझं भांडण नाही :) छान झालं काका. लग्नाचे फोटो टाकाच.

मीरा_संवर्धन

अभिनंदन! आधी कपड्यांच्या कपाटापासून लांब ठेवा. जुन्या फरमध्ये कसरीची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि किल्टची लोकर त्यांना फरइतकीच आवडते. जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा काढून घट्ट बंद करा आणि घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास तशीच बंद ठेवा, नाहीतर गार चामड्यावर दव धरेल. मग मऊ ब्रशने केसांच्या दिशेने झाडा. चामड्याला मेणाचं मलम अगदी थोडं, फरपासून दूर.

कोल्हापुरी_पायताण

गोंड्याचा टाका मेण लावलेल्या तागाच्या नाहीतर लिननच्या दोऱ्याने घाला. नायलॉन नको, तो जुनं चामडं कापतो.

पाईपर_संज्या

पट्टा मागवताना मागचा भाग चामड्याचा असलेलाच घ्या, बाजूला साखळी चालते. पूर्ण साखळीचा असेल तर किल्टची लोकर मागून झिजते, आणि भाड्याच्या दुकानात त्याचे पैसे भरावे लागतील. पट्टा किल्टच्या मागच्या दोन लूपमधून घ्यायचा. वास्कोटाच्या खालच्या टोकापासून साधारण चार बोटं खाली स्पोरन आला पाहिजे. त्याहून खाली गेला की चालताना गुडघ्यांवर आपटतो.

गाडीत बसण्याआधी तो डाव्या कुल्ह्यावर सरकवून घ्या, रात्री नाचतानाही तसंच. स्ट्रिप द विलो या नाचात लोक जोरात गरागरा फिरवतात, तेव्हा पुढे लटकलेला स्पोरन समोरच्याला लागतो. आणि आत जास्त काही भरू नका: फोन, रुमाल, एक-दोन नोटा. किल्ल्यांचा जुडगा काकूंकडे द्या, जड वजनाने जुन्या कड्या ओढल्या जातात.